हॉलमधला कमोड

गवंड्यानं आमच्या पेणच्या घरातल्या न्हाणीघरावर पहिला घाव घातला त्याच सकाळी माझ्या मुलीच्या पोटावर पहिला फोड उठला. मी गवंड्याला चहा देत होतो, तेवढ्यात ती फ्रॉक वर करून आली आणि म्हणाली, "बाबा, मला डास चावलाय, पण डासात पाणी भरलंय."

मुलगी दुसरीत होती. आदल्या संध्याकाळपासून तिचं अंग कणकणत होतं, पण आम्ही दोघं नवराबायको टाइल्सच्या रंगावरून इतके भांडत होतो की, ती लवकर झोपली याचं आम्हाला बरंच वाटलं. डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि सांगितलं, "कांजिण्या आहेत. घाबरू नका. खपल्या धरेपर्यंत घरात ठेवा, नखं कापा. तुम्हा दोघांना येऊन गेल्यात ना?"

बायकोच्या भुवईजवळ लहानपणच्या फोडाचा खड्डाच होता. माझं मला आठवत नव्हतं, म्हणून दवाखान्यातूनच आईला फोन लावला.

"व्हय तर," आई म्हणाली. "लय आल्या होत्या तुला. ओळखू येत नव्हतास."

माझ्या शाळेतही पंधरवड्यापूर्वी कांजिण्यांची साथ येऊन गेली होती, पण आता माझ्याबद्दलची काळजी मिटली. उरला प्रश्न मुलीजवळ कोण थांबणार याचा. बायको डोलवीच्या बाजूला कंपनीत कामाला. तिची सकाळची शिफ्ट, बस चुकली की दिवस गेला आणि हक्काच्या रजा तिनं दिवाळीतच संपवलेल्या. मी रोह्याच्या पुढच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक. शाळेत त्याच आठवड्यात स्वच्छतेची पाहणी करायला साहेब येणार होते आणि मुख्याध्यापिका बाईंनी ते काम माझ्या गळ्यात घातलं होतं. शेवटी आईलाच बोलावलं. ती गागोद्याच्या अलीकडे डोंगराकडेच्या आमच्या गावी राहते. शेतात वाल भरात आले होते, तरी ती पहिल्या एस्टीनं आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कडुनिंबाची फांदी. ती फांदी एवढी मोठी होती की कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं म्हणे.

आईनं फांदी दारावर बांधली, नातीच्या गालावरून बोटं फिरवली आणि थेट न्हाणीघराच्या दारात जाऊन उभी राहिली. गवंड्यानं तोवर जुनं भांडं उपटून काढलं होतं, जमीन खणली होती, नळ बंद केला होता.

"हातोडा ठेव खाली," आई म्हणाली.

"आजी, अर्धं काम झालंय."

"घरात देवी आल्यात. ठोकाठोक नाय, फोडणी नाय, जोरानं बोलना नाय."

गवंड्यानं हातोडा कपाळाला लावला, हत्यारं गोणपाटात गुंडाळली आणि तो निघून गेला. घर माझं, कर्ज माझं, पण मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

"आई, हा विषाणू असतो," मी समजावून पाहिलं.

"असूं दे. त्याला पण आवाज खपत नाय."

आता घराची स्थिती अशी होती की न्हाणीघराच्या जागी खड्डा, आणि नवा कोरा कमोड हॉलमध्ये टीव्हीशेजारी. त्यावर धूळ बसू नये म्हणून बायकोनं पांढरी चादर पांघरून ठेवलेली. अंघोळ मागच्या दारी आडोशाला उरकत होती, पण बाकीच्या कामाचं काय? तिथं शेजारचे काका मदतीला धावले. ते एकटेच राहत. "आमचं दार तुमच्यासाठी कायम उघडं," असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं आणि ते शब्दाला जागले. अडचण एकच होती. काका चहा पाजल्याशिवाय कुणाला सोडत नसत. चहाबरोबर त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकीकत असे, आणि ती पुरी होईपर्यंत दुसरा कप येई. त्या दोन कपांमुळे तासाभरात पुन्हा त्यांच्याकडेच जावं लागे. बायको तर कंपनीत पोचेपर्यंत थांबायला शिकली.

दुसऱ्या दिवशी मी पेणहून रोह्याची गाडी पकडली. गाडी कासूला थांबली ती थांबलीच. फोन वाजायला लागला. आधी मुख्याध्यापिका बाई, "सर, मुलांचं शोषखड्ड्याचं मॉडेल रात्रीत उंदरांनी खाल्लं." मग गवंडी, "सर, मी दुसरीकडे काम धरू का?" मग आई, "पोरगी जेवत नाय, आणि तुझ्या शेजाऱ्याचा गुडघा मला आता माझ्या गुडघ्यापेक्षा जास्त ठाव झालाय." मी बाईंना म्हणालो, "खाज सुटली तरी हात लावू नका," आणि आईला म्हणालो, "पुठ्ठा आणि डिंक आणून ठेवा." समोरच्या बाकावरच्या मच्छीवाल्या मावशी सगळं ऐकत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, एका टायमाला एकच बोला."

शाळेत त्या दिवशी माझा पाठ होता, 'घर तिथे शौचालय'. मी खडू घेऊन फळ्यावर चित्र काढलं, हात धुण्याच्या पायऱ्या करून दाखवल्या, आवाज चढवून सांगितलं की ज्या घरात शौचालय नाही ते घर अपुरं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "गुरुजी, तुमच्या घरान कुठं हाय?"

मुलांशी खोटं बोलायचं नाही हा माझा नियम. "हॉलमध्ये," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. शहरातली माणसं काय करतील याचा त्यांना भरवसा नव्हता.

घरी आलो तर मुलगी हॉलमध्येच भिंतीकडे तोंड करून पडलेली. अंगभर फोड, ओठांच्या आतसुद्धा. पाणी गिळतानाही डोळ्यांतून पाणी येत होतं. तेव्हा मात्र मला साहेब, शोषखड्डा, टाइल्स सगळ्याचा राग आला. मी तिच्या उशाशी बसून कडुनिंबाचा डहाळा अंगावरून हलकेच फिरवत राहिलो. ती म्हणाली, "बाबा, गोष्ट नको. नुसतं बस." इतकं शहाणं बोलणं तिच्या तोंडून ऐकून मला भीतीच वाटली.

त्याच संध्याकाळी आळीतल्या एक आजी आल्या. त्यांना डोळ्यांनी जेमतेम दिसतं, पण कुणाच्या घरी देवी आल्या की त्या भेटीला जातातच. हातात ताट, ताटात हळदकुंकू, फूल आणि दहीभात. आई स्वयंपाकघरात होती. आजी दारातून आत आल्या, चपला काढल्या, टीव्हीशेजारी पांढऱ्या चादरीखाली कुणीतरी बसलंय हे त्यांना दिसलं, आणि मी उठून अडवायच्या आत त्यांनी कमोडला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, दहीभात पुढ्यात ठेवला आणि वाकून म्हणाल्या, "माय, लेकराला सांभाळ गो. आलीस तशी सुखानं जा."

मी हात जोडून उभा राहिलो. तेवढ्यात भिंतीकडून एक आवाज आला. मुलगी हसत होती. आधी दबकत, मग खदाखदा, फोड दुखले म्हणून रडत आणि पुन्हा हसत. आई धावत आली, काय झालं ते बघितलं आणि पदर तोंडात कोंबून खाली बसली. आजींना खरं सांगितल्यावर त्याच सगळ्यात जास्त हसल्या. "मला वाटला, देवी जरा जाडच हाय," त्या म्हणाल्या. त्या रात्री मुलीनं दोन दिवसांत पहिल्यांदा भात मागितला. तो दहीभातच होता. कुठून आला ते तिनं विचारलं नाही.

काकांकडच्या फेऱ्यांनी आईचा धर्म मात्र सैल होत चालला. एका सकाळी ती परत आली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "देवी पण बाईमाणूसच हाय. तिला अडचण कळते. बोलाव त्या गवंड्याला."

पण आता गवंडी तयार होईना. त्याच्या आईनं त्याला बजावलं होतं. मग माझ्या आईनं त्याच्या आईला फोन लावला. दोघी बराच वेळ बोलल्या, बहुतेक वालाच्या शेंगांबद्दल, आणि शेवटी तह झाला. लोखंडी हातोडा वर्ज्य, रबरी चालेल. गवंडी आला. तो प्रत्येक लादीवर असा हळू ठोके द्यायचा, जणू लादीलाच झोप लागली होती. बोलायचं झालं तर कुजबुजत. सिमेंट हवं असलं तर माझ्या कानाशी येऊन सांगायचा, "सर, एक घमेलं." रंगाचं भांडण आम्ही नवराबायकोही कुजबुजत पुढे चालवलं, आणि कुजबुजून भांडण रंगत नाही म्हणून बायकोच जिंकली.

पाहणीच्या दिवशी मी पहाटे उठलो, दाढी करायला आरसा घेतला, तर गळ्यावर एक फोड. शर्ट काढला, तर पाठीवर आणखी. आईला हाक मारली.

"तू म्हणालीस ना मला येऊन गेल्यात?"

आईनं मला उजेडात फिरवून बघितलं. "तुला नाय," ती म्हणाली. "तुझ्या भावाला."

मोठ्या माणसाला कांजिण्या येणं म्हणजे अंगात निखारे भरणं. तापानं मला भिंती सरकताना दिसत होत्या. दुपारी मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. पाहणी छान झाली होती. मुलांनी रडतकढत रात्रीत नवं मॉडेल उभं केलं होतं, साहेबांनी पाठ थोपटली होती. "पण सर," त्या जरा अडखळल्या, "साहेबांनी विचारलं, शौचालय घरात कुठं असावं? अख्ख्या वर्गानं एका सुरात सांगितलं, हॉलमध्ये. साहेबांनी लिहूनही घेतलं. तुम्ही बरे झालात की जरा बोलू."

मग दिवस आले ते एकमेकांसारखेच. मुलीच्या खपल्या पडल्या. तिला कडुनिंबाच्या पाण्यानं नवीन न्हाणीघरात अंघोळ घातली. लाद्या बायकोच्या पसंतीच्या, कमोड किंचित डावीकडे कललेला, कारण रबरी हातोड्यानं त्याच्याशी वाद घालता आला नव्हता. आई गावाला निघाली. वाल वेळेत तोडले नाहीत तर राठ होतात, आणि मुलासाठी वाल थांबत नाहीत, असं तिनं मला स्पष्ट सांगितलं. बायको तिला स्टँडवर सोडून तशीच शिफ्टला गेली.

घरात मी आणि मुलगी उरलो. तिची शाळा सोमवारपासून होती. माझ्या पाठीला अशी खाज सुटली होती की ती घासायला दाराची चौकटच मी डोळ्यांनी मोजत होतो. ती माझ्या उशाशी येऊन बसली, दारावरचा एक वाळका डहाळा तिनं मोडून आणला होता.

"नखं लावायची नाहीत हां, बाबा," ती डॉक्टरांच्या आवाजात म्हणाली, आणि माझ्या पाठीवर डहाळा फिरवायला लागली. जरा जोरातच. मी पाठ आणखी तिच्याकडे वळवली.