दमलेल्या माणसाला जपानीत काय म्हणतात

शेजारच्या काकूंना द्यायला माळ्यावरचा वॉकर काल खाली काढला आणि माझी चूक पुन्हा आठवली. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ती आमच्या मुलुंडच्या घरून ऑनलाइन जपानी शिकवते. परीक्षेच्या आदल्या दिवशी विद्यार्थ्यांना ती 'गानबात्ते!' म्हणते, म्हणजे जोर लाव, जमेल तुला. स्वयंपाकघरात भाजी चिरताना ऐकून तेवढा एक शब्द मी उचलला होता. ती वॉकर धरून बाल्कनीकडे निघाली की मी टाळ्या वाजवत ओरडायचो, "गानबात्ते! कालच्यापेक्षा पुढे!" एका सकाळी ती मध्येच थांबली आणि रडायलाच लागली. "गप बस रे जरा! लावतेच आहे ना जोर? अजून कुठून आणू?" मी तिला खुर्चीत बसवलं. गुडघा टम्म सुजला होता. मी नाराज होईन म्हणून तो गाऊनखाली झाकून ती चालत होती. जरा वेळाने मला राहवेना. "मग दमलेल्याला तिकडे काय म्हणतात गं?" "मुरी शिनाइदे," ती डोळे पुसत म्हणाली. "झेपेल तेवढंच कर. आणि ते हळू म्हणतात, टाळ्या न वाजवता." इतके दिवस मला 'गानबात्ते' हा एकच शब्द पुरेसा वाटत होता. माफी मागायला मात्र संध्याकाळ झाली. गुडघ्यावर बर्फ धरून मी म्हणालो, "चुकलं माझं. तुझं दुखणं मला बघवत नव्हतं, म्हणून तुला पळवत होतो."