कुत्रीचे दात आणि माझी दाढ

सवत असती ना, तर गल्लीतल्या चार बायका तरी माझ्या बाजूनं बोलल्या असत्या. पण मी जळायचे ती एका कुत्रीवर. सांगणार कोणाला?

हिंगण्याचे कारखाने नवे नवे उभे राहत होते, तेव्हाची गोष्ट. आमचे हे तिथं कामाला. नागपुरात महाल भागात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या, मागं मोरी आणि नळ. पहिल्या पाळीची कंपनीची बस सहाला नाक्यावर यायची, म्हणून मी साडेचारला उठून डबा करायचे. आणि हे? हे पाचच्या ठोक्याला मोरीपाशी कुत्रीला पुढ्यात घेऊन बसायचे. बोटाला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळायची, मिठाच्या कोमट पाण्यात बुडवायची आणि तिचे दात घासायचे. एकेक दात! आधी बाहेरून, मग हिरड्यांवरून हळूच. पाणी मात्र मी कोमट करून द्यायचं, बरं का.

रामटेकजवळ यांचं गाव. तिथं लहानपणी यांनी पाळलेला कुत्रा दात सडून मेला होता. भाकरी पुढ्यात पडलेली आणि त्याला खाता येत नव्हती, हे यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते मला समजत होतं. मला झोंबायचं ते दुसरंच. घासताना हे तिला म्हणायचे, “आ कर वं माय. आ कर. झालंच आता.” काय तो आवाज! माझ्याशी बोलताना तो कुठं जायचा, देव जाणे. माझ्या वाट्याला रोज एकच वाक्य, “डब्बा झाला का?”

आणि इकडे माझी डावी दाढ किडलेली. तीन वर्षं मी तिच्यात लवंग दाबून उजवीकडूनच जेवत होते, यांच्या समोर बसून. सांगितलं का नाही? नाही सांगितलं. कुत्रीनं तरी कुठं सांगितलं होतं? पाहू यांना कधी दिसतं ते, असं मी मनाशी धरलं होतं.

त्या वर्षी हे धान कापायला चार दिवस गावी गेले. जाताना मला बजावलं, “रोज घासजो. अन् हाडूक देऊ नोको तिले, दात तुटते.”

“हाव,” मी म्हटलं. तिच्यासाठी एवढ्या सूचना, आणि मला ‘येतो’ सुद्धा नाही.

पहिल्या दिवशी चिंधी घेऊन बसले, तर बाईसाहेब तोंडच उघडेनात. “आ कर वं” म्हटलं, तर मान फिरवून दाराकडे पाहत बसली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, “काहून एवढी मेहनत करून राहिली वं? हाडूक टाक. दात आपोआप साफ होते.” तिच्याकडं मटण शिजलं होतं. तिनंच एक जाड नळी आणून दिली. यांचं बोलणं मला पक्कं आठवत होतं. नव्हतं म्हणेन तर खोटं होईल. आठवत असूनच मी ती नळी कुत्रीपुढं टाकली. कट्टकन आवाज आला. एकदा कुंई केलं आणि ती कोपऱ्यात जाऊन बसली.

हे परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही जेवत होतो. कुत्री दाराशी भाकरी खात होती. हे मधेच थांबले.

“ही एकाच बाजूनं चावून राहिली,” म्हणाले.

एका दिवसात! मी समोरच बसले होते, एकाच बाजूनं चावत.

ढोरांच्या दवाखान्यात गेलो. रांगेत बैल, म्हशी, आणि माझ्या मांडीवर कुत्री. डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिलं. दाढ उभी चिरली होती, काढावी लागणार होती. “शिजलेलं हाड कोणी दिलं हिला?” त्यांनी विचारलं.

यांनी कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “माह्याच हातून गेलं असन कधी.”

यांना खरंच तसं वाटलं, की मला झाकत होते, मला आजही ठाऊक नाही. पण माझा तोल सुटला. “मी देल्लं!” मी ओरडले. “मुद्दाम देल्लं! रोज तिच्या तोंडात पाहता. माह्या तोंडात पाहिलं कधी? तीन वर्षांपासून डावी दाढ दुखून राहिली माही!”

म्हशीवालासुद्धा वळून पाहायला लागला. मला रडू आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन दिलं. भूल चढेपर्यंत कुत्रीनं डोकं माझ्याच मांडीवर टेकलं होतं. तिला बिचारीला काय माहीत!

घरी येताना रिक्षात हे कुत्रीचं डोकं सांभाळत बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी कणीक मळत होते. मोरीकडून हाक आली, “इकडे ये.” आता बोलणी ऐकून घ्यायचीत, असं समजून हात तसेच भरलेले घेऊन गेले. यांच्या हातात टॉर्च होता.

“बस,” म्हणाले. बसले. “आ कर वं.”

‘माय’ नाही म्हणाले, ते माझ्या लक्षात आलंच. पण आवाज तोच होता. मी तोंड उघडलं.

“अरे बापरे,” हे म्हणाले. “काहून नाही सांगतलं वं?”

तोंड वासलेलं, काय बोलणार कपाळ!

तेवढ्यात सुजलेलं तोंड घेऊन कुत्री उठून आली. आमच्या दोघांच्या मधे तिनं डोकं खुपसलं, यांच्या हाताला ढुशी दिली, पंजानं मला बाजूला सारायला लागली. माझ्यावर गुरगुरलीसुद्धा. तो जळफळाट मला चांगलाच ओळखीचा होता. तिची दया आली, खरंच आली. पण तोंड काही मी मिटलं नाही.