खंदकाकाठचे मास्टर

"गुडघ्यातून वाका! कमरेतून नको, गुडघ्यातून!"

ही आरोळी ऐकू आली की समजावं, खंदकाकाठच्या बागेत कुणीतरी नवखा आलाय आणि त्यानं पहिल्यांदाच कोयता हातात धरलाय. ओरडणारे गृहस्थ म्हणजे शाळेतले निवृत्त ड्रिलमास्टर. उंच, काटकुळे, पांढरी हाफपँट, गळ्यात शिट्टी. सगळी बाग त्यांना मास्टरच म्हणायची.

ते आमच्यातलेच, म्हणजे राजवाड्यामागच्या गल्लीत राहणारे, घरात मराठी बोलणारे. तुम्ही पुण्याकडचे असाल तर आमची तंजावरी मराठी ऐकून हसाल. हसा बापडे. मास्टर "ये गे, बस गे" अशी सुरुवात करायचे आणि उरलेलं वाक्य तमिळमध्ये पुरं करायचे. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे.

माझी त्यांची गाठ पडली ती डॉक्टरांमुळे. रोज चाला म्हणाले, म्हणून मी बागेला फेऱ्या मारू लागले. दोन-चार दिवस मास्टरांनी पाहिलं आणि मग मला आडवं येऊन विचारलं, "काय गे, कुठं पोचलीस?"

"कुठं पोचायचंय? व्यायाम करतेय."

"हा पण व्यायामच," म्हणाले आणि माझ्या हातात कोयता दिला. मला असा राग आला म्हणता! मी विमा कचेरीतली ऑफिसर, आणि हा माणूस मला सकाळी सकाळी काटेरी झुडपं तोडायला लावतोय. संध्याकाळी अंग ठणकायला लागलं तेव्हा त्यांना मनातल्या मनात काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. का गेले ते मला अजून कळलेलं नाही.

आमचा क्रम ठरलेला. आधी शिट्टीवर हातपाय मोकळे करायचे, मग वेडी बाभूळ तोडायची, मोकळ्या जागेत कडुनिंब, करंज लावायचे, आणि शेवटी खंदकातून बादल्या भरून रोपांना घालायच्या. बादली उजव्या हातातून डाव्या हातात घेतली नाही तर लगेच ओरडा बसे, "डाव्याचे लाड पुरे, त्यालाही कामाला लाव!" माझी पाठ सहा महिन्यांत सरळ झाली. डॉक्टर खूश. मी त्यांना कोयत्याचं काही सांगितलं नाही.

पण हे सगळं कशासाठी चाललंय, ते मला पहिल्याच आठवड्यात आमच्यातल्या फुलवाल्या अक्कानं सांगितलं. ती देवळाबाहेर फुलं विकायची आणि त्याआधी इथं यायची. मास्टरांच्या बायकोला विसरायला होऊ लागलं होतं. एका सकाळी मास्टरांनी तिला हवा लागावी म्हणून या बागेत आणलं. तिनं पाणी मागितलं. तिला बाकावर बसवून ते नळावर गेले, पाणी घेऊन आले, तर बाक रिकामा. फाटकावरचा माणूस शपथेवर सांगत होता, बाई इथून बाहेर गेलेली नाही. पोलिस आले. खंदकात पाणबुडे उतरले. काही नाही. राहिलं होतं ते काटेरी रान. त्यात कुणी शिरेना. साप असतील म्हणाले आणि निघून गेले.

मग मास्टर कोयता घेऊन एकटेच शिरले. किती दिवस एकटे तोडत होते देव जाणे. फेऱ्या मारणारी माणसं हळूहळू एकेक करून थांबली आणि त्यांच्या बाजूला उभी राहिली. असं आमचं मंडळ.

त्यांनी हे कधी लपवलं नाही. प्रत्येक झुडूप निघालं की ते खाली बसायचे, हातानं पाचोळा बाजूला करून जमीन नीट पाहायचे. मग ते उठून म्हणायचे, "नाही. चला, पुढचं." त्यांचं ते "नाही" मला घरी कॉफी गाळतानासुद्धा ऐकू यायचं. खरं सांगते, त्या काळात मला पाचोळ्याची भीती वाटू लागली होती.

आमच्यात अशी रीत आहे की माणूस हरवलं तर बारा वर्षं वाट पाहायची. तोवर ते जिवंतच धरायचं. त्यानंतर दर्भाची आकृती करायची, तिला अग्नी द्यायचा, आणि पुढचं सगळं गेलेल्या माणसाचं करतात तसं करायचं. बारा वर्षं भरत आली तसा मास्टरांचा मुलगा चेन्नईहून येऊन मागे लागला. एकदा बागेतच आमच्यासमोर म्हणाला, "अप्पा, आई ना इथली राहिली ना तिथली. सोडा की आता तिला."

मास्टर म्हणाले, "सगळी जागा बघून झाल्याबिगर मी तिला जाळणार नाही. जागा संपली की तू सांगशील त्या दिवशी."

मुलानं जागेकडे पाहिलं. एकच कोपरा उरला होता, मागच्या भिंतीलगतचा.

झालं! त्या दिवसापासून आमच्या मंडळाला आळस चढला. कुणाची पाठ दुखू लागली, कुणाच्या कोयत्याला धार नव्हती. शिट्टीवरचा व्यायाम एवढा लांबला की तोडायला वेळच उरेना. अक्कानं तर कमाल केली. त्या कोपऱ्यात बुलबुलाचं घरटं आहे, पिल्लं उडेपर्यंत हात लावायचा नाही, असं तिनं मुरुगनाची शपथ घेऊन सांगितलं. मास्टर "सेरी, सेरी", म्हणजे बरं बरं, म्हणत माघारी फिरले. नंतर तिथं मधमाश्या आल्या. मग धामण आली. मग पुन्हा बुलबुल.

एका सकाळी मास्टर हसले. "अक्का, वर्षभर अंडी घालणारा पक्षी मला एकदा दाखव तरी."

अक्का पदर तोंडाला लावून रडू लागली. मीच म्हटलं, "मास्टर, असू दे की तो एक कोपरा. कुणाचं काय अडलंय?"

"माझं अडलंय गे. तुम्हाला वाटतं, ती तिथं सापडेल म्हणून मी भितो. तिथं ती नसली, तर मी उद्या कुठं जाऊ?"

त्याच दिवशी आम्ही तो कोपरा काढला. सगळेच भिडलो, कुणी थांबलं नाही. काचेच्या बाटल्या निघाल्या, एक फुटका माठ, कुणाची तरी छत्री. मास्टर प्रत्येक झुडपाखाली बसून पाहत होते. शेवटचं झुडूप भिंतीला चिकटून वाढलं होतं. ते ओढून काढलं आणि मागून एकदम उजेड आला. भिंतीला खिंडार होतं, सहज माणूस जाईल एवढं. पलीकडे रस्ता होता आणि रस्त्यावर बसचा थांबा.

तेव्हा या कोपऱ्यात एवढं दाट रान नसणार. पाऊलवाटही असेल. मास्टर खिंडारातून डोकं बाहेर काढून कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत होते.

"पापनाशमची गाडी इथंच थांबते," ते म्हणाले. "तिचं माहेर. घर कधीच विकलं तिच्या भावांनी. पण विकलं हे ती विसरली असणार."

मुलाला फोनवर त्यांनी सगळं सांगितलं. मुलगा म्हणाला, "अप्पा, बारा वर्षांनी तिथं कोण काय सांगणार? तुम्ही शब्द दिलाय." शब्द दिला होता हे खरंच. मुलाचंही काही चुकलं असं मी म्हणणार नाही, तोही आपल्या आईसाठीच रडत होता.

कावेरीकाठी विधी झाला. मी लांब, पायऱ्यांवर उभी होते. वाध्यार, म्हणजे आमचे भटजी, सांगतील तसं मास्टर निमूटपणे करत होते. दर्भाच्या त्या आकृतीवर तिच्या साडीचा तुकडा घातला होता. ती पेटली तेवढ्यात संपली, एवढीशी तर होती. परत येताना मास्टर माझ्यापाशी थांबले. तमिळ नाही, चक्क मराठीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मी तिला इथं जाळलं. आणि या घटकेला ती कुठंतरी जेवायला बसली असेल तर?"

याला तुम्ही तरी काय उत्तर दिलं असतंत?

मुलगा त्यांना चेन्नईला घेऊन गेला. आमचं मंडळ चालूच होतं, शिट्टी वाजवायला कुणीतरी पुढे व्हायचं, पण जीव लागत नव्हता. काही महिने गेले आणि एका सकाळी मला मुलाचा फोन आला. "मावशी, अप्पा तिकडं आलेत का हो? कालपासून घरी नाहीत."

मी तशीच धावत बागेत गेले. अक्का आणि बाकीचेही आले. शोधायचं म्हणून आलो खरे, पण शोधायचं कुठं? झुडूप एक उरलं नव्हतं. या टोकाला उभं राहिलं की त्या टोकापर्यंत सगळी बाग दिसत होती, आणि त्यात मास्टर नव्हते.

अक्का खिंडाराकडे चालू लागली. बाहेर पापनाशमची गाडी उभी होती. ती फुलांच्या टोपलीसकट चढली, तिच्या मागून मी.

पापनाशमला विचारत विचारत तिच्या माहेरचं ते घर सापडलं. आता तिथं एक तरुण जोडपं राहतं. बाई भली होती. म्हणाली, हो, काल दुपारी एक उंच आजोबा आले होते. काही विचारलं नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. मागचं परसू साफ करून देऊ का, एवढंच म्हणाले. आम्ही नको नको म्हटलं तरी करत बसले. अंधार पडायच्या आत गेले. कुठं ते नाही सांगितलं.

तिनं आम्हाला मागे नेलं. विहिरीपासून कुंपणापर्यंतची जमीन स्वच्छ झाली होती, पाचोळासुद्धा बाजूला सारलेला. उपटलेल्या झुडपांचा ढीग कुंपणाशी नीट रचून ठेवला होता. पानं अजून सुकली नव्हती.