पंचांगावरची लाल वर्तुळे

सौंसरच्या दवाखान्यातील सुईवाल्या नर्सबाई समोरच्या माणसाकडे नजर टाकीत आणि लगेच काढून घेत. बघण्यासारखे तेथे काही सापडलेच नाही, असा त्यांचा चेहरा होई. मी शाळेत संस्कृत शिकवीत असे, कपाळी गंध, अंगात सोवळ्याचा ताठा. पहिल्या भेटीत त्या मला "जयभीम, गुरुजी" म्हणाल्या. मी ऐकू न आल्याचे दाखविले. त्यांनी नजर काढून घेतली.

तेव्हा माझी मालती बारा वर्षांची होती. आधी घसा धरला, ताप भरला, मग गुडघे आणि घोटे आळीपाळीने सुजले. पाठांतराला बसली की "बाबा, छातीत दुखून राहिलं" म्हणे. ती सबब समजून मी तिला तोच श्लोक पुन्हा म्हणावयास लावी. डॉक्टरांनी तपासून सांगितले की त्या तापाने हृदयाला सूज आली आहे. यापुढे कित्येक वर्षे दर एकविसाव्या दिवशी सुई घ्यावी लागेल. पाठांतराची हकीकत ऐकून बाई एवढेच म्हणाल्या, "पोरगी धापा टाकून राहिली, अन् तुम्ही उच्चार तपासून राहिले. वा, गुरुजी!"

ही तुच्छता त्या सर्वांना सारखी वाटीत. काचेच्या पिचकाऱ्या उकळत असताना एक संत्र्यांचे बागाईतदार रांग मोडून पुढे आले. "बगिचा तुमचा हाये, लाइन माही हाये," म्हणून त्यांना शेवटी उभे केले. लेकरांपुढे मात्र हा तोरा गळून पडे. त्या औषधाची बाटली मुठीत धरून ऊब देत आणि सांगत, "दुखनारच, खोटं नाही सांगत. शिवी द्याची तर दे." मालतीला शिव्या येत नव्हत्या, ती डोळे मिटून विभक्तिरूपे म्हणे.

असे वर्षभर चालले. पोरीच्या गालांवर रंग आला, आणि माझ्या विद्वत्तेला धीर आला. एकदा एकविसावा दिवस अमावास्येला आला. मी सुई दोन दिवस पुढे ढकलली. नंतरचा वार मनास येईना. मग मुलगी बरी झाली म्हणून जामसांवळीला मारुतिरायाच्या चरणी शनिवारपर्यंत मुक्काम करण्याचे ठरविले. परमेश्वराने उपाय दिला होता; मी त्यालाच मुहूर्त शोधीत बसलो. आज त्या गृहस्थाचा, म्हणजे माझा, विचार आला की किळस येते.

शुक्रवारी मालतीला पुन्हा ताप भरला. छातीत कळ येई, आडवे होता येईना. ती माझ्या खांद्याला टेकून बसून राहिली. मी स्तोत्र म्हणत होतो. तेवढ्यात देवळाच्या आवारात पांढरे लुगडे दिसले. हजेरीत मालतीची सुई राहिलेली पाहून बाई घरी गेल्या होत्या, आणि तेथे कुलूप दिसताच शेजाऱ्यांना विचारून बसने इकडे आल्या होत्या. माझ्या मांडीशेजारचे पंचांग त्यांनी उचलून माझ्यापुढे धरले.

"यात पोरीचं हृदय कोन्त्या पानावर हाये, दाखवा."

त्यांनी मालतीला उचलून घेतले, "चाल वं माय" म्हटले आणि रस्त्यावर येऊन नागपूरची गाडी हात करून थांबविली. मी पिशव्या घेऊन मागे धावलो.

मालती वाचली. हृदयाची एक झडप मात्र कायमची अधू झाली. तिला जिना चढताना मध्येच थांबलेली पाहतो, तेव्हा सुई लांबविलेले ते अकरा दिवस मला आठवतात.

त्यानंतर दर पाडव्याला बाई माझे नवे पंचांग मागून घेत आणि लाल पेन्सिलीने दर एकविसाव्या दिवसाला वर्तुळ करीत. वाटेत एकादशी येवो वा ग्रहण, पेन्सिल थांबत नसे.

पुढे त्यांची छिंदवाड्याकडे बदली झाली. मी आणि मालती बसस्थानकावर गेलो. गाडी सुरू झाली, तेव्हा खिडकीशी जाऊन मी हात जोडले आणि म्हणालो, "जयभीम, बाई."

त्यांनी तीच जुनी नजर माझ्यावर टाकली. या वेळी मात्र ती लगेच काढून घेतली नाही.

"मोठ्यानं म्हना, गुरुजी. इंजिन चालू हाये."

मी मोठ्याने म्हणालो. सगळे स्थानक वळून पाहू लागले.