समुद्र नसलेल्या देशातलं गाऱ्हाणं

माझे मोठे काका आयुष्यभर मासेमारीच्या बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोटीचे प्रमुख. इंजिनाच्या वर आवाज चढवून हुकूम सोडायची जी सवय लागली, ती बोट विकल्यावरही सुटली नाही. त्यांनी चहा मागितला की शेजारच्या घरातसुद्धा आधण चढतं. या आवाजामुळेच तोंडवलीच्या आमच्या वाडीत कुणाकडे काही कार्य असलं की गाऱ्हाणं घालायला त्यांना बोलावतात. देवापुढे उभं राहून, घरातल्या माणसांच्या वतीने एकाने मोठ्याने मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला ‘होय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा, हे गाऱ्हाणं. त्यात ज्याचा उल्लेख झाला तो त्या घरचा, हे आमच्याकडे वेगळं सांगावं लागत नाही.

माझ्या घरात माझ्याबरोबर एकजण राहतो. मूळचा कुणकेश्वरचा, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, म्हणून सगळं गाव त्याला मेस्त्री म्हणतं. आम्ही दोघं पुरुष आहोत आणि आमची जोडी आहे. हे मी आता इतकं सरळ लिहितो आहे, पण पूर्वी असं लिहिलं असतं तर तो गुन्ह्याचा कबुलीजबाब झाला असता. सुप्रीम कोर्टाने तीनशे सत्त्याहत्तर कलमातून आमच्यासारख्यांना मोकळं केलं, ती बातमी घेऊन मी धावत खाडीवर गेलो होतो. मेस्त्री कोपरापर्यंत ऑइलमध्ये होता. “म्हंजे आतासून आपण गुन्हेगार नाय?” त्याने विचारलं. मी म्हटलं, “नाय.” “बरां झालां,” तो म्हणाला, “तो पानो दी हकडे.” मग मी दिलेला पाना उलटा धरून नटाला लावत बसला.

वाडीने कधी त्रास दिला नाही. ‘तो त्येंच्यात ऱ्हवता’ एवढ्या एका वाक्यात वाडीने विषय मिटवला. काकांनी तर तेवढंही कधी म्हटलं नाही. दर चतुर्थीला आमच्या गणपतीपुढे गाऱ्हाणं घालताना ते म्हणायचे, “ह्या घरात जी काय माणसां ऱ्हवतत, त्येंका सुखी ठेव.” त्या ‘जी काय माणसां’मध्ये आम्ही दोघं, आई, मांजर आणि पावसाळ्यात आसऱ्याला येणारे बेडूक, सगळे मावायचे. मला ते दरवर्षी लागायचं. मेस्त्रीला लागत नसे, असं तो म्हणायचा.

मी पेशाने आचारी. पर्यटकांसाठी चालवलेली आमची खाणावळ पावसात बंद असते. वेंगुर्ल्याकडच्या एका ओळखीच्याने उझबेकिस्तानात मेडिकलच्या भारतीय मुलांची मेस घेतली आणि मला आचारी म्हणून एका वर्षासाठी विचारलं. मला जग बघायचं होतं. शिवाय त्या देशाला समुद्र नाही आणि त्याच्या एकाही शेजाऱ्याला महासागराचा किनारा नाही, हे ऐकून मला तिथल्या लोकांची दयाच आली. बॅगेत त्रिफळं, आमसुलं आणि मालवणी मसाला भरला. तिकडे पाठवणाऱ्या एजंटाने थंडी, व्हिसा, लसूण, सगळ्याची माहिती दिली. एक गोष्ट मात्र त्याने सांगितली नाही, आणि त्याला सांगायचं कारणही नव्हतं. ती मेस्त्रीने मी निघण्याच्या आदल्या दिवशी मोबाइलवर शोधून काढली.

त्या देशात आमचं कलम अजून जिवंत होतं. तिथे त्याचा आकडा एकशे वीस. दोन पुरुषांनी राजीखुशीने एकत्र येणं हा गुन्हा, आणि त्याला तीन वर्षांपर्यंतचा तुरुंग. शेजारच्या कझाकस्तान-किर्गिझस्तानने असलं कलम कधीच काढून टाकलंय, यांनी ठेवलंय. “जाव नुको,” मेस्त्री म्हणाला. मी म्हटलं, “तू हय, मी थय. गुन्हो करतलंय कोणाबरोबर?” तो हसला नाही. त्याने माझ्या मोबाइलवरचा आमच्या दोघांचा फोटो काढून टाकला आणि तिथे होडीचा लावला.

म्हणजे स्वतःच्या देशात मोकळा झालेला मी विमानात बसून पुन्हा गुन्हेगार व्हायला निघालो होतो. असा उलटा प्रवास फार थोड्यांनी केला असेल.

मेसमध्ये सगळीकडची मुलं होती, राजस्थानची, केरळची, आपल्या लातूर-नागपूरची. एक मुलगी आमच्या शिरोड्याची होती. पहिल्याच दिवशी माझ्या आमटीतलं त्रिफळ दातांखाली आलं आणि ती जेवता जेवता रडली. मदतीला तिथलीच एक बाई होती. तंदूरमध्ये गोल, फुगीर, मधोमध नक्षी ठोकलेल्या रोट्या लावायची. तिला सगळे ‘अपा’ म्हणत, म्हणजे ताई. तिच्या भाषेत आणि माझ्या हिंदीत प्याज, नान, दुनिया, वतन असे मोजके शब्द सामायिक होते, आणि स्वयंपाकघर चालवायला तेवढे पुरतात. मुलं विचारायची, “दादा, लग्न झालंय का?” मी म्हणायचो, “घरी आहे एक, फार कडक आहे.” रात्री मेस्त्रीशी बोलताना मात्र मी एकदाही कधी लाडाचा शब्द वापरला नाही. इंजिन, पाऊस, आईचा गुडघा एवढंच बोलायचो. भीती माणसाला इतकं चिंगूस करते, हे मला तिथे कळलं आणि त्याचा मला संताप यायचा.

चतुर्थी आली. मुलांनी शाडूचा छोटा गणपती केला, त्याची सोंड अंमळ नळासारखी झाली होती. मी मोदक केले. शिरोड्याच्या मुलीने आग्रह धरला की आरती झाली तशी गाऱ्हाणंही व्हायला हवं, आणि तेही मी ज्यांच्या आवाजाचे किस्से सांगायचो त्या काकांचं. मला हौस आली. मी सगळ्यांना ‘होय म्हाराजा’ शिकवलं. केरळची मुलं सगळ्यात मोठ्याने म्हणायला लागली. अपाही रोट्या सोडून दाराशी येऊन उभी राहिली. मी घरी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मेसच्या मोठ्या स्पीकरला जोडला. काकांच्या आवाजाला स्पीकरची गरज नसते, हे मी विसरलो होतो.

स्क्रीनवर आमचा गणपती दिसला. त्याच्यावर माटवी, म्हणजे फळांनी आणि पानांनी सजवलेलं लाकडी छत. आंब्याच्या पानांचे टाळ, कवंडळाची लाल रानफळं, सुपारीचे घड, सगळं जागच्या जागी. माटवी बांधणं हे घरच्या पुरुषांचं काम आणि आमच्याकडे ते कायम मी करत आलो. त्या वर्षी मी नव्हतो. फोन मेस्त्रीच्या हातात होता, म्हणून तो दिसत नव्हता. काका पुढे आले, घसा खाकरला.

“बा देवा म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” तीस-चाळीस पोरांनी छप्पर हलवलं.

“आज ह्या पोरांनी परदेशात तुझी जी काय सेवा केली हा, ती मान्य करून घी. त्येंका डाक्टर कर.”

“होय म्हाराजा!”

“माझो पुतणो सातासमुद्रापलीकडे गेलो हा, त्येका सांभाळ.”

“होय म्हाराजा!” समुद्र वाटेत एकही लागत नाही, पण काकांना कोण सांगणार?

मग काका थांबले. त्यांनी माटवीकडे बघितलं, नंतर फोन धरणाऱ्याकडे. “आनी त्येचो जोडीदार,” ते म्हणाले, “जेणा यंदा एकट्यान ही माटवी बांधल्यान, तो ह्या घरचो आसा. ह्या दोगांची जोडी अखंड ऱ्हवांदे. आनी त्येंच्या वाटेत जो कोण आडवो येतलो, त्येका बाजूक कर रे म्हाराजा!”

स्क्रीनवर गणपतीच्या जागी घराची कौलं दिसायला लागली, मेस्त्री फोन सरळ धरायचं विसरला होता.

इकडे मेसमधल्या मराठी मुलांना सगळं कळलं होतं. ‘जोडीदार’, ‘घरचो’, ‘तो’. बाकीची त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ज्या दिवसाची मी तेरा-चौदा वर्षं वाट बघितली तो दिवस उगवला होता, आणि तो नेमका अशा देशात, जिथे त्यातला एक शब्द बाहेर गेला तर मी तुरुंगात गेलो असतो. मला एकाच वेळी काकांच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि स्पीकरची वायर उपटावीशी वाटत होती. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. उभा राहिलो.

“होय म्हाराजा,” शिरोड्याची मुलगी म्हणाली. एकटी, खणखणीत. तिच्यामागून लातूरचा एकजण म्हणाला, मग नागपूरच्या दोघी, आणि मग सगळी मेस.

दाराशी उभ्या अपाने शिरोड्याच्या मुलीला विचारलं, म्हातारा काय म्हणाला? त्या मुलीला एव्हाना तिथली भाषा येत होती. तिने सांगितलं, घरची माणसं एकत्र राहावीत म्हणून प्रार्थना केली. यात खोटं काहीच नव्हतं. अपाने माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि ती तंदूरकडे गेली.

पुढचे काही दिवस मी जिन्यावर बूट वाजले तरी दचकायचो. पण बाहेर कोणी एक अक्षर बोललं नाही. एवढी पोरं, जी मिठात जरा कमी-जास्त झालं तर ग्रुपवर बोंब मारायची, त्यांनी एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवली. फरक इतकाच पडला की शिरोड्याची मुलगी दुसऱ्या दिवशी ताट घेताना म्हणाली, “दादा, तुमच्या जोडीदारांनी मोदक केल्यानी की नाय?” ‘जोडीदारांनी’, असं आदराने. मला त्या मुलीचा आणि तिच्या शिरोड्याचा इतका अभिमान वाटला की मी तिला मोदकांचा डबाच दिला.

आणि एका दुपारी अपाने पीठ मळता मळता हात पुसले आणि फोनवर एका तरुणाचा फोटो दाखवला. “उकाम,” ती म्हणाली. माझा धाकटा भाऊ. मग मान हलवली, “वतन योक.” आता देशात नाही. मी कारण विचारलं नाही, पण तिने सांगितलं. एकच शब्द, आपल्या कानूनचाच भाऊ: “कोनून.” फोटोवर पिठाचं बोट लागलं होतं ते तिने डोक्यावरून पदरासारख्या घेतलेल्या रुमालाने पुसलं, आणि खुणेने समजावलं की त्या म्हाताऱ्याला सांग, याच्यासाठीही माग.

करार संपवून मी घरी आलो. काकांना अपाचा निरोप दिला आणि तिथला कायदा सांगितला तेव्हा ते ताडकन उभे राहिले. “मगे माका आधी कित्याक नाय सांगलंस? मी इतक्या मोठ्यान बोललंय!” मी म्हटलं, “हळू बोलाक येता तुमका?” ते येरझाऱ्या घालत राहिले. मग विचारलं, “आपल्याकडे आता सगळा मिळता?” मी खरं ते सांगितलं. कलम गेलं, पण लग्नाची नोंद होत नाही, कोर्टाने ते सरकारवर आणि संसदेवर सोडलंय. काका म्हणाले, “म्हंजे अर्ध्या वाटेर आसात.” मला माझ्या देशाचा अभिमान आहे, आणि तो ती अर्धी वाट धरूनच आहे. जिथून निघालो ते मी दुसऱ्याच्या देशात राहून पुन्हा बघून आलो होतो.

त्या चतुर्थीला माटवी आम्ही दोघांनी बांधली. गाऱ्हाण्याच्या वेळी मी मेसमध्ये फोन लावला, तिकडे तो शिरोड्याच्या मुलीने धरला होता. काकांनी आमच्या दोघांचं मागणं मागितलं आणि आमच्या ओटीवर उभ्या असलेल्या अख्ख्या वाडीने ‘होय म्हाराजा’ म्हटलं. पहिल्यांदा, आमच्या समोर. मेस्त्री खाली बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

मग काका फोनकडे वळले. “आनी थय एक भैण आसा,” ते म्हणाले, “तिचो भाव आपल्या ह्या पोरांसारखोच. त्येका त्येच्या घराक येवक गावणा नाय. ज्या कायद्यान त्येची वाट अडवल्यान हा, तो कायदो बाजूक कर, आनी त्या झिलाक भैणीच्या दारात आणून सोड रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” वाडीने म्हटलं. मेसमधून मुलांनी म्हटलं. स्क्रीनवर अपा पिठाचे हात जोडून उभी होती. तिला काय कळलं ते मला ठाऊक नाही, पण सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, जरा उशिरा, तिचाही आवाज आला. “होय म्हाराजा.”