खिळ्याला अडकवलेला प्लेअर

आकुर्डीतल्या एका रिपेअरवाल्याने मला फसवलं. हे आधीच लिहितो, कारण पुढचं वाचून लोक मलाच दोष देतील. भुताखेतांवर माझा विश्वास नाही — कधीच नव्हता. चाकणला माझा भंगाराचा धंदा आहे. हातगाडीवर सुरुवात केली, आज स्वतःचं गोडाऊन आहे. वजन आणि भाव सोडून मी कशालाच मानत नाही.

माझी बायको मंगल एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर होती. कॅमेऱ्याचा मोबाइल गेटवर जमा करावा लागायचा, म्हणून बसमध्ये गाणी ऐकायला तिला छोटा एमपीथ्री प्लेअर घेऊन दिला. पण त्यात रेकॉर्डिंगही होतं... तिची कायम सेकंड शिफ्ट, माझं काम पहाटेपासून. जागेपणी भेट फक्त रविवारी. मग गाणी राहिली बाजूला. निघताना ती प्लेअरमध्ये बोलून ठेवायची आणि तो दाराजवळच्या खिळ्याला अडकवायची.

"अहो, भाजी झाकून ठेवलीय. गरम करून खा. ऐकलंत का?"

शेवटी 'ऐकलंत का' ठरलेलं. पुढे मोबाइलवर सगळं आलं, तरी आमचं बारा वर्षं हेच चाललं.

दोन वर्षांपूर्वी मंगल काविळीने गेली. प्लेअरमध्ये तिची पुसायची राहिलेली एकोणीस रेकॉर्डिंग होती. रोज संध्याकाळी ऐकायचो. सगळी पाठ झाली होती.

या उन्हाळ्यात प्लेअर बंद पडला.

"काका, बोर्ड गेलाय," रिपेअरवाला म्हणाला. "याच मॉडेलचा दुसरा आहे, टाकतो. नऊशे होतील."

"नऊशेत नवा येतो राव! जुना बोर्ड तू ठेव, सहाशे घे."

आमच्या धंद्यात असंच — जुना माल समोरच्याच्या गळ्यात मारायचा आणि भाव पाडायचा. तो लगेच हो म्हणाला. मी खूश.

दोन दिवसांनी प्लेअर घरी आणून चालू केला... यादी रिकामी. मंगलचा आवाज त्या जुन्या बोर्डावर होता. तसाच परत गेलो, शिव्या घातल्या.

"काका, तुम्हीच ठेव म्हणालात ना? काल भंगारवाला पोतं घेऊन गेला."

भंगारवाला! ओळखीच्या सगळ्यांना फोन लावले. पण बोर्ड किलोवर जातात. त्यातला एक कोण शोधून देणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याचं दुकान बंद पाडायचंच म्हणून निघालो. खिळ्यावरून प्लेअर काढताना बटण दाबलं गेलं. स्क्रीनवर 'नो फाइल'. आणि त्याच्या बारक्या स्पीकरमधून आवाज आला —

"अहो, त्याच्याशी भांडू नका. बोर्ड तुम्हीच दिलात. ऐकलंत का?"

मी उंबऱ्यावरच बसलो. भास म्हणालो असतो... पण स्वयंपाकघरातून मुलगी पूनम धावत आली. हाताला पीठ तसंच.

"बाबा, आई काय म्हणाली?"

त्यानंतर काही नाही. इंजिनिअर भाच्याने प्लेअर उघडून पाहिला. मेमरी कोरी.

मी दुकानात गेलो नाही. तिचं ऐकलं. पण फसवलं ते फसवलंच. बोर्ड ठेवून घेताना त्याने एकदा तरी विचारायचं होतं — काका, यात काही आहे का?

आणि मंगल, तू जन्मभर समोरच्याचीच बाजू घेतलीस. गेल्यावरसुद्धा तेच? एवढं बोलायला येता आलं, तर एकदा माझ्याही बाजूने बोल. प्लेअर चार्ज करून खिळ्यालाच ठेवलाय. मी तुझं ऐकलं ना? आता उत्तर दे.