पार्ट नहीं आता

“याचा थर्मोस्टॅट मिळतो रे, पण मी मिळत नाही असंच सांगतो. नवा फ्रीज घ्यायला तुझ्याच दुकानात पाठवतो,” मेकॅनिक माझ्यासमोर उभा राहून फोनवर बोलत होता. मग फोन खिशात टाकून मला म्हणाला, “मॅडम, इस मॉडेल का पार्ट अब नहीं आता.”

दार उघडताना माझ्या तोंडून इंग्रजी निघालं होतं. तेवढ्यावरून त्याने ठरवलं, हिला मराठी कळत नाही. शाळेत मराठी शब्द निघाला की बाकावर उभं करायचे, आणि घरी माझ्या मराठीला मावश्या हसायच्या. मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. गप्प माणसासमोर लोक काहीही बोलतात, जणू तिथे कोणी नाहीच. वर त्या गप्प राहण्याला माझा गोड स्वभाव म्हणतात. गोड कसला, त्यांच्या सोयीचा.

आईचं इन्सुलिन कालपासून माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं, आणि बाहेर ऊन वाढत होतं. मेकॅनिक पाने-पक्कड पिशवीत भरू लागला.

“दादा, मला मराठी कळतं,” मी म्हणाले. “पार्ट मिळतो. तो घेऊन या.”